त्या तारखेला : ८ जुलै १९२१, संयुक्त 'मानापमान'

एका तिकिटाला शंभर रुपये. साल १९२१, ठिकाण मुंबईचं बालीवाला थिएटर. एवढे पैसे मोजून माणसं नाटक बघायला गेली, आणि तेही दहा वर्षांपूर्वीचं जुनं नाटक. 'मानापमान' रंगभूमीवर आलं १२ मार्च १९११ ला. किर्लोस्कर मंडळींनी केलेला तो त्याचा पहिला प्रयोग. त्याच दिवशी घरी तान्ही मुलगी गेलेली असताना बालगंधर्व नायिका भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिगत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तेव्हा गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पदं तोंडपाठ. मग शंभर रुपये कशाचे?

ते होते धैर्यधराचे. त्या रात्री बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले केशवराव भोसले, म्हणजे 'ललितकलादर्श'चे मालक. भामिनी बालगंधर्वांच्या 'गंधर्व नाटक मंडळी'ची, नायक प्रतिस्पर्धी कंपनीचा. आज दोन मोठे नट एका चित्रपटात आले तर आपल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण नाटक कंपनी म्हणजे एक खटलं असे. बिऱ्हाड, मुदपाकखाना, पडदे, ऑर्गन, कर्ज, सगळं एकाच्या जिवावर, आणि मुख्य नटाचा गळा हेच भांडवल. ते भांडवल दुसऱ्याच्या शेजारी, त्याच दिव्यांत, त्याच प्रेक्षकांपुढे तोलायला ठेवणं ही मोठीच जोखीम होती. कोण पडलं, हे दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं.

निमित्त टिळक स्वराज्य फंडाचं. लोकमान्य जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्यांच्या नावाने काँग्रेसने एक कोटीचा निधी उभारायला घेतला होता. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले सहकारी, आणि लहानग्या नारायण राजहंसाला 'बालगंधर्व' हे नाव टिळकांमुळेच मिळालेलं. त्यामुळे 'मानापमान'ची निवड अगदी नेमकी होती. त्यात एक गंमतही आहे. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, पुढे वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याच प्रेमात पडते, आणि दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर हास्यास्पद ठरतो. संपत्तीपेक्षा शौर्य मोठं, हे सांगणारं नाटक त्या रात्री संपत्ती गोळा करायला लावलं होतं. शंभराच्या खुर्चीत बसलेल्या शेठजींना लक्ष्मीधर कसा वाटला असेल?

आता गाण्याकडे. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पूरब ढंगाच्या ठुमरी-कजरीचा बाज त्यांनी मराठी रंगभूमीवर आणला. चाल आधी आणि शब्द नंतर, असं बरंचसं काम झालं. म्हणजे खाडिलकरांना सुरांच्या मापात मराठी बसवावी लागली. काही ठिकाणी शब्द अवघडून बसलेत ते त्यामुळेच, पण गळा फिरवायला गायकाला मैदान मोकळं मिळालं.

त्या मैदानात दोन अगदी वेगळे गळे उतरले. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतले. शब्दाला गोंजारत, लयीशी लाडीगोडी करत, समेवर अलगद येणारे. केशवराव रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकलेले. उंच पट्टी, जोरकस तान, आणि तडफ अशी की माइक नसलेल्या त्या काळात शेवटच्या बाकापर्यंत आवाज ठणठणीत पोचावा. पुढे जन्मभर लोक वाद घालत राहिले, त्या रात्री बाजी कोणी मारली? मला हा वाद मुळातच फसवा वाटतो. धैर्यधराची पदं आवेशाची, भामिनीची बरीचशी रुसव्या-फुगव्याची आणि पश्चात्तापाची. दोघांना गाणं वेगवेगळं, मग तराजू एकच कसा? वन्समोअर मोजून निकाल लावायचा म्हटलं, तर जोरदार तानेला टाळी लवकर पडते, एवढंच त्यातून कळेल.

पुरावा मागायचीही सोय नाही. ध्वनिमुद्रण तेव्हा भोंग्यात तोंड घालून गाण्याचं होतं. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. रात्रभर रंगलेला प्रयोग टिपणारं यंत्र तेव्हा नव्हतंच. राहिल्या त्या फक्त आठवणी, आणि आठवणी सांगणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पार्टीचा.

'मानापमान'नंतर याच जोडीने संयुक्त 'सौभद्र'ही केलं. पण हा योग फार काळ टिकायचा नव्हता. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले, वय अवघं एकतीस. 'ललितकलादर्श' मात्र त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी चालवली, आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

१५ जुलै ही बालगंधर्वांची पुण्यतिथी. तेव्हा बोलू 'प्रभात'च्या १९३५ च्या 'धर्मात्मा'बद्दल. भामिनीचा शालू बाजूला ठेवून ते त्यात संत एकनाथ झाले होते, आणि प्रेक्षकांना ते पचवायला जडच गेलं.