पेटीतली कसर आणि डांबर गोळी

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीत घरोघरी पेट्या उघडतात. मोजक्या दिवशी नेसायची पांढरी साडी बाहेर निघते आणि घडीवर बारीक भोके दिसतात. कसर लागली म्हणत आपण डांबर गोळ्यांचे पाकीट आणतो. आमचे म्हणणे, आधी खाणारा कोण ते पाहा.

सुती साडी खाणारा किडा बहुधा चंदेरी असतो. माशासारखा निमुळता, बिनपंखी, मागे तीन शेपट्या, उजेड पडताच पळणारा. त्याला सुतापेक्षा साडीची खळ आवडते. पुस्तकांची बांधणी, तसबिरीमागचा पुठ्ठाही तो सोडत नाही. ओल तिथे तो. स्वेटर, शाल, रेशीम मात्र पतंगाच्या अळ्या खातात. उडणारा पिवळसर पतंग स्वतः कापड खात नाही. त्याला मारून समाधान तेवढे मिळते. घामाचे, डागांचे कपडे अळ्यांना जास्त आवडतात.

म्हणून ठेवणीतली साडी खळ न घालता, धुऊन, कडक वाळवून ठेवा. खळ नेसायच्या आदल्या दिवशी घाला. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पावसाळा संपला की सगळे कपडे उन्हात टाका, शिवणी झटका, पेटीचे कोपरे पुसा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घाला. आत असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत.

आता डांबर गोळी. आम्हाला कसरीपेक्षा तिचीच धास्ती वाटते. खोली एक, त्यातच चूल, त्यातच बाळ. काही मुलांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचा घटक कमी असतो आणि ते घरात कोणाला माहीत नसते. अशा बाळाला डांबर गोळ्यांतल्या दुपट्यात नुसते गुंडाळले तरी रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. तेव्हा बाळाच्या कपड्यांत, दुपट्यात, गोधडीत गोळी कधीच नको. इतर कपड्यांत घातलीच तर पेटी घट्ट बंद ठेवा आणि वापरण्याआधी कपडे धुऊन उन्हात वाळवा. मोरीत, कपाटात सुट्या गोळ्या टाकू नका. पोरांना त्या पेपरमिंट वाटतात.

मुलाने गोळी गिळली तर ओकारी काढू नका, दूध किंवा तेल पाजू नका. पाकीट बरोबर घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. मूल खेळतेय म्हणून थांबू नका, त्रास एक-दोन दिवसांनीही सुरू होतो. लघवी काळपट, डोळे पिवळे, चेहरा पांढुरका दिसला तर डॉक्टरांना गोळीचे आवर्जून सांगा.