पोटऱ्या दुखतात, डोळे पिवळे, लघवी कमी : आजार एकच

लावणीचे दिवस आहेत, म्हणून आज लेप्टोबद्दल बोलू. पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात याची साथ आली आणि हे नाव कल्याण-डोंबिवलीच्या चाळींमध्येही पोचलं. पण हा आजार जितका शहरातल्या तुंबलेल्या पाण्याचा, तितकाच मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांचाही आहे.

नर्सिंगच्या मुलींना आम्ही हा आजार मुद्दाम समजावून सांगतो. पुस्तकात मूत्रपिंड एका धड्यात असतं, यकृत दुसऱ्या, फुप्फुसं तिसऱ्या. खाटेवरची बाई मात्र तिन्ही धडे एकदमच घेऊन येते. मग विचारायचं, आत मुळात बिघडलं काय? याच अभ्यासाला पॅथोफिजिओलॉजी म्हणतात. शब्द जड आहे, विचार सोपा आहे.

लेप्टोचा जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतो. पायाला चिखल्या झालेल्या असतात, बोट विळ्याने कापलेलं असतं, तिथून तो आत शिरतो. डोळ्यांतून, तोंडातूनही शिरतो. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, म्हणून चिखलाशी त्याचा संबंध कुणाला आठवत नाही.

रक्तात गेल्यावर तो बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुखावतो. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं तर काय होतं, ते तुम्हांला सांगायला नको. पाणी जिथे हवं तिथे राहत नाही, नको तिथे झिरपतं. अंगातही तसंच होतं. फुप्फुसांत रक्त झिरपलं की दम लागतो, खोकल्यातून रक्त पडतं. यकृताच्या पेशींमधले सांधे सैल होतात, पित्त रक्तात उतरतं, डोळे पिवळे होतात. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या सुजतात आणि लघवी कमी होते. स्नायूही दुखावतात, म्हणून पोटऱ्या इतक्या ठणकतात की हात लावू देत नाहीत. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत.

आता घरी काय होतं? पोटऱ्या दुखल्या, तर लावणीने दुखल्या. डोळे पिवळे झाले, तर कावीळ, मग माळ घातली. लघवी कमी झाली, तर पाणी कमी प्यायली असेल. तीन कारणं, तीन उपाय, आणि मधे तीन दिवस गेले. काही जणींचा ताप चार-पाच दिवसांनी उतरतोही. घरचे म्हणतात, बरी झाली. खरं तर कावीळ आणि मूत्रपिंडाचा त्रास अनेकदा त्यानंतरच वर येतो.

म्हणून वॉर्डातली सिस्टर लघवी मोजते, श्वास मोजते. मोठ्या माणसाला दिवसरात्र मिळून 400 मिलिलिटरपेक्षा, म्हणजे साधारण दोन पेल्यांपेक्षा, कमी लघवी झाली तर मूत्रपिंड अडचणीत आहे असं ती समजते. वेळेवर उपचार मिळाले तर ही मूत्रपिंडं बहुतेकदा पुन्हा नीट चालू लागतात. काहींना मधले काही दिवस डायलिसिस लागतं.

पावसाळ्यात ताप आणि पोटरीदुखी एकत्र आली, तर त्याच दिवशी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. 'मी चिखलात काम केलंय' हे आपण होऊन सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून खाऊ नका, त्यातल्या काही थेट मूत्रपिंडावर ताण देतात. डोळे पिवळे, दम किंवा लघवी कमी असेल तर मोठं रुग्णालय गाठा, मग ते कल्याणचं रुक्मिणीबाई असो की कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज.

गमबूट घालून लावणी होत नाही, हे आम्हांलाही कळतं. निदान जखम झाकून उतरा, आणि बाहेर आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. जास्त धोका असलेल्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. ती मनाने घेऊ नका. दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर आधी तसं सांगा, आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ती देऊ नका. आशाताई गटाच्या बैठकीला येतील, तेव्हा ही गोळी आपल्या केंद्रात आहे का, ते विचारून ठेवा.