माती की मॅट?

सावर्डे नाक्यावर चहा आला की वाद ठरलेला: आताचे कबड्डीपटू नाजूक! जुने अनवाणी खेळायचे, गुडघा सोलवटला की वर चिमूटभर माती. मान्य. पण मॅटवर बूट चिकटतो. झटक्यात वळलं की सगळा भार गुडघ्यावर. त्यात चढाई ३० सेकंदांची, सलग दोन रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाईपटू बाद. उसंत कुठाय?

दुसरं भांडण प्रशिक्षकाचं. बी. सी. रमेश यांनी २०२४ मध्ये पुणेरी पलटणला पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकून दिली. पुढे अजय ठाकूर आले, २०२५ ची फायनल दिल्लीकडून हरलो. लगेच 'काढा त्यांना'? अहो, फायनलपर्यंत नेलं कोणी?