गोळी सुटल्यानंतर

रायफल झाडली की गोळी पुढे जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी बाजूला उडून पडते. विज्ञानकथेसाठी बंदुका रेखाटणारे कलाकार सर्वांत आधी या पुंगळीलाच रजा देतात. उद्याच्या शस्त्राला कालचे पितळ कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. पण ही पुंगळी दोन कामे करत असते. दारू पेटते त्या क्षणी ती नळीचे मागचे तोंड घट्ट बंद करते, आणि बाहेर पडताना त्या जळण्यातली बरीच उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीने ४.७३ मिलिमीटरची, बिनपुंगळीच्या काडतुसांची जी-११ रायफल बनवायला घेतली तेव्हा याची किंमत कळली. उष्णता बाहेर नेणारे कोणी उरले नाही. तापलेल्या कोठीत काडतूस चाप न ओढताच पेटू लागले, आणि अधिक तापमानाला पेटणारी दारू शोधून काढावी लागली. माझे म्हणणे या उदाहरणात जवळजवळ सगळे आले आहे. कल्पनेतले शस्त्र पटते की नाही, हे ते किती संहारक दिसते यावर ठरत नाही. ते चालवल्यानंतर मागे जे उरते, म्हणजे उष्णता, धक्का, रिकामेपण आणि मळ, त्याची सोय चित्रात दिसते की नाही यावर ठरते. यांतही उष्णता पहिली.

लेझर बंदुकीचेच गणित मांडू. आजच्या रायफलची ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघाली तर तिच्यात सुमारे १६०० ज्यूल ऊर्जा असते. तेवढीच ऊर्जा लेझरने लक्ष्यावर टाकायची आणि यंत्राची कार्यक्षमता ३० टक्के धरायची, तर प्रत्येक वाराला ५३०० ज्यूल आत घालावे लागतील आणि त्यांतले ३७०० ज्यूल बंदुकीतच उष्णता होऊन राहतील. असे ३० वार म्हणजे १ लाख ११ हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने १ किलो ॲल्युमिनियमचे तापमान सुमारे १२० अंशांनी चढते. गंमत अशी की ज्या बॅटरीची सगळे चिंता करतात ती इथे फारशी आड येत नाही. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे ९ लाख ज्यूल मावतात, म्हणजे या ३० वारांना २०० ग्रॅमसुद्धा पुरतील. ती ऊर्जा क्षणार्धात सोडायला कपॅसिटर लागतील, ते जागा खातील, हे खरे. तरीही सैनिकाचा हात भाजणार आहे तो बॅटरीमुळे नव्हे. आणि बहुतेक डिजिटल चित्रांत मात्र निळ्या प्रकाशाने उजळलेली बॅटरी ठळक असते आणि उष्णतेला बाहेर पडायला एक भोकही नसते.

चित्रपटांचा इतिहास माझ्या बाजूने साक्ष देतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी रॉजर ख्रिश्चन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे पैसा बेताचा होता, म्हणून त्यांनी खऱ्या बंदुका घेऊन त्यांवर सुटे भाग चिकटवले. हान सोलोच्या पिस्तुलाखाली जर्मन माउझर सी-९६ आहे, स्टॉर्मट्रूपरच्या हातात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. आता ही स्टर्लिंग नीट पाहा. तिच्या नळीभोवती भोकांची जाळी आहे, हवा खेळावी म्हणून. कारागिरांनी ती झाकली नाही. भोकांच्या रांगांत पट्ट्या बसवून तिला पंख्यांसारख्या कडा आणल्या. त्याच चित्रपटातल्या लांब ब्लास्टरखाली एमजी-३४ मशीनगन आहे, तिच्याही नळीवर जाळीच. १९८६ च्या ‘एलियन्स’मधली पल्स रायफल घ्या. जेम्स कॅमरन यांच्या कल्पनेवरून ती टॉमसन सबमशीनगनभोवती रचली गेली, आणि खालच्या भागाला स्पास-१२ या शॉटगनचे भोकांचे उष्णतारोधक आवरण चढवले. या तिन्ही प्रसिद्ध शस्त्रांत उष्णतेची वाट उघडी आहे. कारागिरांनी ती हिशेब करून ठेवली असे मी म्हणत नाही. खरी बंदूक ती वाट घेऊनच आली, आणि कारागिरांच्या डोळ्याला ती जागा बरोबर वाटली. पडद्यावर पल्स रायफलची काडतुसे बिनपुंगळीची असल्याचे सांगितले जाते. जी-११ ची हकिगत माहीत असेल तर ते आवरण आणखीनच पटते.

संगणकावर काम करणाऱ्याला ही आयती शिदोरी मिळत नाही. ब्लेंडर आणि झीब्रशमध्ये आकार घडतो, सब्स्टन्स पेंटरमध्ये रंग आणि गंज चढतो, सुट्या भागांचे तयार संच जोडून तासाभरात गुंतागुंत उभी राहते. या साधनांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, त्यात इथे भर नको. एवढेच की त्यांतल्या कुठल्याही साधनाला वजन नाही, ताप नाही. ते कलाकारालाच आणावे लागते.

व्हिडिओ गेमच्या कलाकारांनी ते फार सुंदर आणले आहे. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये बंदूक धातूच्या ठोकळ्यातून कण खरवडून तेच फेकते, त्यामुळे गोळ्या जवळजवळ संपतच नाहीत. मग खेळाडूला अडवणार कोण? उष्णता. सतत झाडले की बंदूक तापून थांबते. २०१० च्या दुसऱ्या भागात ती उष्णता साठवून बाहेर टाकायच्या नळकांड्या आल्या, म्हणजे पितळेची पुंगळी नव्या वेषात परत आली. काही खेळाडूंना हा बदल रुचला नाही. माझ्या मते डिझाइन म्हणून तो पहिल्याहून सरस आहे, कारण मर्यादा आता हातात धरता येते, बदलता येते आणि चित्रात दाखवता येते. २००८ च्या ‘डेड स्पेस’चा नायक अभियंता आहे आणि त्याचे पहिले हत्यार म्हणजे खाणीत दगड कापायचा प्लाझ्मा कटर. उरलेले वार पडद्याच्या कोपऱ्यात न दाखवता हत्याराच्या अंगावरच उजळतात. अवजार कामासाठी जन्मले, नाइलाजाने शस्त्र झाले, आणि म्हणूनच त्याची प्रत्येक कड पटते.

यावर आक्षेप येतो की प्रेक्षक काही ज्यूल मोजत बसत नाही. बरोबर. पण त्याने कुकरची बेकेलाइटची मूठ रोज धरली आहे, मोटारसायकलच्या सायलेन्सरवरचे जाळीदार कवच पाहिले आहे. तापणारी वस्तू कशी दिसते, तिला कुठे धरायचे, हे त्याच्या हाताला पाठ आहे. गणित कलाकाराने करायचे, प्रेक्षक त्याचे उत्तर नुसते पाहून ओळखतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार, लाइटसेबर. पेटत्या पात्यापासून वीतभर अंतरावर उघडी मूठ, आणि तरी सगळ्या जगाचा त्यावर विश्वास. हे मान्य करायलाच हवे. पण विश्वास कशावर बसला ते पाहा. चित्रपटाचा नायक ल्यूक याच्या लाइटसेबरची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा, वृत्तछायाचित्रकाराच्या मुठीच्या मापाने घडलेला. पाते अद्भुत आहे, दांडा मात्र वापरातला. शिवाय लाइटसेबर हे पौराणिक अस्त्र आहे, कारखान्यातून हजारोंनी निघालेले नाही. जे शस्त्र सैन्याला वाटले गेल्याचा दावा करते, त्याला उष्णतेचा जाब द्यावाच लागतो.

इतकी शिस्त लावली तर कल्पना मरेल, असेही म्हणतात. मला उलटे दिसते. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पी-९० मध्ये ५० काडतुसे नळीच्या वर आडवी निजलेली असतात, आत जाताना काटकोनात वळतात, आणि पुंगळ्या खाली पडतात. ती बंदूक इतकी परग्रहावरची दिसते की ‘स्टारगेट एसजी-१’ मालिकेने ती जशीच्या तशी वापरली. तिचा तो आकार अडचणी सोडवता सोडवता आलेला आहे.

म्हणून चंद्रावरच्या सैनिकाची बंदूक काढायला घेतली तर काय होईल, ते पाहण्याजोगे आहे. तिथे हवा नाही, म्हणजे स्टर्लिंगची जाळी निरुपयोगी. दाटीवाटीने बसवलेल्या पंख्यांच्या कडाही व्यर्थ, कारण वाऱ्याविना त्या एकमेकींवरच उष्णता टाकत राहतील. उरतो फक्त प्रारणाचा मार्ग, म्हणजे मोकळ्या आकाशाकडे तोंड केलेला सपाट, रुंद पत्रा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला असेच मोठे पत्रे आहेत, आणि ऊन परतवावे म्हणून ते पांढरे आहेत. तेव्हा आपली बंदूक काळी, निमुळती असणार नाही. तिला पांढरे पान असेल, दस्त्यापासून दूर, गालाला लागणार नाही अशा बाजूला. पण तापलेले पान शत्रूच्या अवरक्त दुर्बिणीत दिव्यासारखे चमकणार. म्हणजे दबा धरताना ते मिटता आले पाहिजे, आणि मिटले असताना चापाला कुलूप बसले पाहिजे, नाहीतर बंदूक आतल्या आत भाजेल. मिटणारे पान म्हणजे बिजागरी आली, आणि अवकाशपोशाखाच्या जाड हातमोज्याने ओढता येईल असा मोठा खटका आला. संगणक एका कळीसरशी सगळ्या कडांचा रंग सारखाच उडवून देतो. या बंदुकीवर मात्र तो त्या खटक्याभोवती आणि बिजागरीच्या एकाच बाजूला उडालेला असेल, चंद्राच्या धुळीने खरवडलेला.