पाझर नितळ आहे का?

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी मात्र खेकड्यांवर बोट ठेवलं आणि त्यांची राज्यभर थट्टा झाली. थट्टा रास्तच होती. तरी खेकड्यांची, घुशींची बिळं मातीच्या धरणाला घातक असतात हे खरं आहे. फक्त ती एका रात्रीत पडत नाहीत.

मातीचं धरण पाझरतंच. पोटात चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं कवच, खाली तीच चिकणमाती ठासून भरलेला खंदक, एवढं करूनही थोडं पाणी पलीकडे येतं. ते नितळ आणि बेताचं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. गढूळ आलं, की ते धरणाची माती घेऊन निघालंय असं समजावं. ही झीज बहुधा पाणी बाहेर पडतं तिथे सुरू होते आणि उलटी, तलावाच्या दिशेनं पोखरत जाते. भोक जितकं आत सरकतं तितकी पाण्याची मातीतली वाट आखूड होते, जोर वाढतो, झीज आणखी वेगानं होते. म्हणूनच किरकोळ वाटणारी गळती शेवटच्या काही तासांत धरण नेते. अमेरिकेतलं टेटन धरण 5 जून 1976 रोजी, पहिल्यांदाच भरत असताना असंच गेलं. सकाळी गढूळ पाणी दिसलं, दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं.

यावरचा उपाय म्हणजे गाभ्यामागे योग्य जाडीच्या वाळूचा थर. मातीचे कण अडावेत आणि पाणी जावं, यासाठी वाळू किती बारीक-जाड हवी याचे नियम कार्ल टेर्झागी यांनी घालून दिले. पाणी कोंडण्यापेक्षा त्याला शिस्तीत बाहेर काढणं, हेच या धरणांचं खरं शास्त्र.

पुराचंही तेच. तलाव रिकामा असेल तर पहिला लोंढा पोटात घेतो आणि खालच्या ओढ्याचा पूर ओसरतो. भरलेला तलाव मात्र पूर फारसा अडवत नाही. पाणी सांडव्यानं वाट काढतं. सांडवा अपुरा पडला आणि पाणी मातीच्या माथ्यावरून वाहू लागलं, तर उतरण धुपून धरण वाहून जायला वेळ लागत नाही. तरीही चार दिवसांचं जास्तीचं पाणी मिळावं म्हणून सांडव्यावर दगड, पोती रचणारे महाभाग आढळतात.

झाडांबद्दलही गैरसमज आहे. भरावावर बाभळी वाढल्या की धरण घट्ट झालं असं वाटतं. पण वाळलेली मुळं कुजली की मागे पोकळ वाटा राहतात. तिथे हरळीच बरी.

पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करा, भरावावरची झुडपं लहान असतानाच काढा. तलाव भरल्यावर पायथ्याशी रोज चक्कर मारा आणि पाझर गढूळ दिसला, तर त्याच क्षणी तहसीलदारांना कळवा.