दीपनगरचा ट्रेलर ठोकळ्यांच्या मापात

भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात आणि त्यांच्याबरोबर दीपनगरचा रस्ताही. हा हजिरा–कोलकाता महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. वीज केंद्रातली राख सिमेंट कारखान्यांकडे नेणारे बल्कर, रावेर-सावद्याच्या पट्ट्यातून केळी भरून उत्तरेकडे निघालेले ट्रक, बावीस चाकी ट्रेलर, कंटेनर आणि एखाद्या दिवशी सगळी वाहतूक थोपवून माणसाच्या चालीने सरकणारा हायड्रॉलिक ट्रेलर, अशी अवजड वाहनांची विविधता या पट्ट्यात पाहायला मिळते. प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून ट्रक आणि ट्रेलरच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. त्या छंदाला खानदेशात मोठी संधी आहे, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण नेमकं हेच की या रस्त्यावरचं एकही वाहन कुठल्या खोक्यात तयार मिळत नाही. खोक्यातली पुस्तिका पाहून ठोकळे जोडणं ही जुळणी झाली. प्रतिकृती तिथून सुरू होते, जिथे पुस्तिका नसते आणि प्रत्येक माप आपल्याला स्वतः ठरवावं लागतं.

या ठोकळ्यांचं सगळं शास्त्र दोन-तीन मापांत सामावलेलं आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने वर खुंट्या आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि त्याच्या एक तृतीयांश उंचीची प्लेट ३.२ मिलिमीटर. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर १६ मिलिमीटर, म्हणजे दोन खुंट्या होतात. म्हणूनच ठोकळा आडवा वळवून बाजूला लावला तरी माप जुळतं, आणि ट्रकची जाळी, बंपर, दिवे असे बारकावे याच जुळणीतून निघतात. १९६२ मध्ये चाकं आली, १९७७ मध्ये दाते, आस आणि भोकाच्या पट्ट्या असलेली टेक्निक मालिका आली, १९८६ मध्ये मॉडेल टीम मालिकेतून पहिले खऱ्यासारखे मोठे ट्रक आले. २०१५ चा मर्सिडीज अरॉक्स २,७९३ तुकड्यांचा होता, २०१८ चा मॅक अँथम २,५९५ तुकड्यांचा. ही खोकी उत्तम आहेत यात वाद नाही. पण ती युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांची आहेत. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, झोपायची केबिन प्रशस्त, आणि लोड तिथल्या कायद्याचा. ती बांधून झाल्यावर मर्सिडीजबद्दल बरंच कळतं, पण दीपनगरच्या बल्करबद्दल काहीच कळत नाही.

आपल्या रस्त्यावरचा ट्रक बांधायचा तर सुरुवात टायरपासून करावी लागते. ठोकळे हवे तसे रचता येतात, टायर मात्र ठरावीक व्यासाचेच मिळतात, त्यामुळे प्रमाण टायर ठरवतो. आपल्याकडच्या ट्रकला वर्षानुवर्षं लागत आलेला १०.०० – २० मापाचा टायर साधारण १०५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. ठोकळ्यांच्या संचातला एक प्रचलित टायर ४९.५ मिलिमीटरचा आहे. भागाकार केला की प्रमाण येतं साधारण १:२१. आता ट्रकची रुंदी पाहा. ती सुमारे अडीच मीटर धरली तर या प्रमाणात ११९ मिलिमीटर भरते, म्हणजे एका मिलिमीटरच्या फरकाने १५ खुंट्या. पंधरा हा विषम आकडा आहे आणि तो इथे फार सोयीचा ठरतो. टेक्निकच्या भोकाच्या पट्ट्या बहुतेक विषम लांबीच्याच असतात, तीन, पाच, सात अशा पंधरापर्यंत, आणि विषम रुंदीत मधोमध एक ओळ मिळते, जिथून प्रोपेलर शाफ्ट जाऊ शकतो. सोळा खुंट्या घेतल्या असत्या तर शाफ्टला मध्यरेषाच उरली नसती. एका टायरच्या मापातून वाहनाची रुंदी, चासीची रचना आणि शाफ्टची जागा अशी पाठोपाठ ठरत जाते. लाकूड किंवा पत्रा घेतला तर हवं ते माप कापता येतं, त्यामुळे असा विचार करावाच लागत नाही. ठोकळा तो करायला भाग पाडतो.

याचा खरा कस लागतो तो हायड्रॉलिक ट्रेलरवर. वीज केंद्र उभारताना रोटर, ट्रान्सफॉर्मर, जनरेटरचा स्टेटर असे अवाढव्य भाग हलवावे लागतात. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि अलीकडे ६६० मेगावॅटच्या संचाची भर पडली आहे. ५०० मेगावॅटच्या जनरेटरचा स्टेटर अडीचशे टनांच्या आसपास असतो. असं यंत्र रस्त्याने न्यायचं ठरवलं तर किती चाकं लागतील? आपल्या मोटार वाहन नियमांनुसार मॉड्युलर हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका ओळीवर, म्हणजे प्रत्येकी चार टायरच्या दोन एक्सलवर, १८ टन भार चालतो. ओळीचं स्वतःचं वजन चार टन धरलं तर मालासाठी १४ टन उरतात. २५० ला १४ ने भागलं की अठरा ओळी लागतात, म्हणजे १४४ टायर. दोन ओळींमधलं अंतर साधारण दीड मीटर. १:२१ प्रमाणात ते ७१ मिलिमीटर होतं, म्हणजे जवळजवळ नऊ खुंट्या. ट्रेलरची तीन मीटर रुंदी अठरा खुंट्यांत बसते. त्याचे लहान टायर पाऊण मीटरपेक्षा किंचित मोठे असतात, आणि ठोकळ्यांच्या संचात ३७ मिलिमीटरचा टायर आहेच. सगळा ट्रेलर पावणेतीन हात, सुमारे १३० सेंटिमीटर लांब होतो. हाच हिशेब एका बातमीला लावून पाहा. महाराष्ट्रातून तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे जुलै २०१९ मध्ये निघालेलं ७० टनांचं ऑटोक्लेव्ह यंत्र ७४ चाकांच्या वाहनावरून तब्बल वर्षभराने, जुलै २०२० मध्ये पोचलं होतं. ओढणाऱ्या पुलरची दहा चाकं त्यातून वजा केली तर चौसष्ट उरतात. ओळीला आठ टायर धरले तर त्या आठ ओळी होतात. बातमीत केवळ थक्क करणारा वाटणारा आकडा, एक ओळ हाताने बांधली की उलगडतो.

चाकं मोजणं हा सोपा भाग झाला. ती सगळी जमिनीला टेकली पाहिजेत आणि सगळ्यांवर सारखा भार आला पाहिजे. खऱ्या ट्रेलरमध्ये हे काम तेल करतं. ओळींचे हायड्रॉलिक सिलिंडर तीन गटांत एकमेकांना जोडलेले असतात. खड्डा आला की एका चाकाखालचं तेल त्याच गटातल्या दुसऱ्या सिलिंडरकडे सरकतं आणि सगळा माल तिपाईसारखा तीन आधारांवर स्थिर राहतो. ठोकळ्यांत तेल नाही, म्हणून दोन ओळी एका दांडीवर तोलायच्या, त्या जोड्या पुन्हा दुसऱ्या दांडीवर तोलायच्या, आणि आधाराचा बिंदू भाराच्या प्रमाणात सरकवायचा. तरफेचा नियम शाळेत सगळेच शिकतात, पण सहा ओळींचा भार एका बिंदूवर आणताना तो खऱ्या अर्थाने वापरावा लागतो. वळणाचंही तसंच आहे. मोठ्या ट्रेलरची सगळी चाकं वळतात, पण सारखी नाही. वळणाचं केंद्र ट्रेलरच्या मध्यापासून वीस मीटरवर धरलं, तर अठरा ओळींमधली शेवटची ओळ ३२ अंशांनी वळायला हवी आणि मधली जेमतेम दोन अंशांनी. खऱ्या ट्रेलरवर स्टिअरिंगच्या प्लेटला भोकं असतात आणि ओळी किती जोडल्या आहेत त्यानुसार कर्मचारी दांड्या वेगळ्या भोकांत लावतात. टेक्निकच्या पट्टीलाही भोकंच असतात, आठ मिलिमीटरच्या अंतराने. म्हणजे इथे ठोकळा वाहनाची नुसती नक्कल करत नाही, तर ज्या पद्धतीने ट्रेलरवाले विचार करतात त्याच पद्धतीने आपल्यालाही विचार करायला लावतो. माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो मजबुतीचा. प्लास्टिक ते प्लास्टिक, त्यावर भाराची कसली परीक्षा? २०१२ मध्ये इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीत बीबीसीसाठी केलेल्या चाचणीत दोन बाय दोन खुंट्यांच्या एका ठोकळ्याने सुमारे ४,२४० न्यूटन दाब सोसला, म्हणजे चारशे किलोंहून जास्त. ठोकळा दाबाने मोडत नाही. तो ओढल्याने सुटतो आणि लांब पट्टी मधोमध वाकते. आपल्या ट्रेलरचा हिशेब केला तर लांबी एकवीसपट कमी होते, पण वजन एकवीसच्या घनाने, म्हणजे नऊ हजारांहून जास्त पटीने. अडीचशे टनांचे होतात अवघे सत्तावीस किलो. ते रेतीच्या पिशव्यांनी ठेवून पाहता येतात. अर्थात मॉडेल तगलं म्हणून खरा ट्रेलर तगेल, असं यातून सिद्ध होत नाही. छोटी वस्तू तुलनेने नेहमीच दणकट असते, कारण ताकद क्षेत्रफळावर चालते आणि वजन घनफळावर. पण भार कुठे जातो, कुठली जोडणी आधी सुटते, चासीला कुठे आधार कमी पडला, हे मॉडेल स्पष्ट दाखवतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ठोकळे चौकोनी असतात आणि बल्करची टाकी गोल, मग ठोकळ्यांचा बल्कर खोटाच नाही का? लाकूड, पत्रा किंवा सनबोर्डमधून जास्त हुबेहूब टाकी होणार नाही का? होईल, हे मान्य केलंच पाहिजे. केळीच्या ट्रकवरची ताडपत्री आणि दोरखंड तर ठोकळ्यांत कधीच नीट येणार नाहीत, आणि त्यांचा आग्रहही धरू नये. पण टाकीचं गणित करून पाहा. २.४ मीटर व्यासाची टाकी या प्रमाणात ११४ मिलिमीटरची होते आणि तिचा परीघ पंचेचाळीस खुंट्यांच्या जवळ जातो. तीन खुंट्या रुंदीच्या पंधरा पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडल्या तर पंधरा बाजूंचं नळकांडं तयार होतं. खऱ्या वर्तुळापासून त्याचा सर्वात मोठा फरक सव्वा मिलिमीटर, म्हणजे एका प्लेटच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. हा फरक लपवायचा नसतो. तो मोजून, ठरवून स्वीकारलेला असतो, आणि प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा मला यातच दिसतो. शिवाय कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. चुकलेली टाकी मात्र सोडवून त्याच ठोकळ्यांतून दुसऱ्या दिवशी नवी रचता येते.

खर्चाचा आक्षेप टाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. मोठी परदेशी खोकी नोकरदार घरालाही जड जातात. पण मूळ पेटंटची मुदत कधीच संपली आहे, आणि ठोकळ्याचा आकार ही कुणाची व्यापारी खूण होऊ शकत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. त्यामुळे जुळणारे ठोकळे इतर कंपन्याही बनवतात. जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची आहे, तेवढी पाहून घ्यावी. स्वस्त ठोकळ्यांची पकड कमी-जास्त असते, हे मात्र खरं. ती उणीव लांब चासीत जाणवते, केबिनमध्ये फारशी नाही. आणि एकही ठोकळा विकत न घेता सुरुवात करता येते. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये एलड्रॉ ही मोफत संगणकप्रणाली तयार केली. त्याच धर्तीच्या प्रणालींवर आज सगळा ट्रेलर पडद्यावर जोडून किती तुकडे लागतील ते मोजता येतं. घरातला साधा संगणक त्यासाठी पुरेसा आहे.

शेवटचा आक्षेप असा की हा मोठ्या माणसांनी खेळण्यात घालवलेला वेळ आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातल्या माणसाला तरी हा आक्षेप पटू नये. रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांत सिग्नल आणि गाड्यांचं संचालन मॉडेल-रूममध्ये शिकवलं जातं. संगणकावर आराखडे काढायची सोय येण्याआधी मोठ्या वीज केंद्रांच्या आणि रसायन कारखान्यांच्या पाइपांची मांडणी प्लास्टिकच्या मॉडेलवर तपासली जात असे. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतल्या मुलांना भाराचं वाटप, वळणाची भूमिती आणि प्रमाण हे तिन्ही एकाच कामात शिकायला मिळत असेल, तर त्याला वेळ घालवणं म्हणता येणार नाही. या परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांनी विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्कीबरोबर राखेच्या बल्करलाही एक टेबल द्यावं.

ज्यांना हे करून पाहावंसं वाटेल त्यांनी १४४ चाकांनी सुरुवात करू नये. धाब्यावर उभ्या ट्रकच्या चालकाची परवानगी घ्यावी, टायरवर छापलेलं माप वाचावं, टेपने व्यास मोजावा, दोन एक्सलमधलं अंतर टिपून घ्यावं. मग आठ टायरची एकच ओळ बांधावी आणि तिच्या एका बाजूखाली जाड पुस्तक ठेवावं. आठही टायर टेकले, तर दुसरी ओळ बांधायला घ्यावी.