दवाखान्याच्या फळ्यावरचे नाव

मागच्या पावसाळ्यात मावशीच्या गावी गेले होते. गवत कापताना तिच्या हाताला विळा लागला म्हणून तिला घेऊन गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर भले होते, त्यांनी लगेच टाके घातले. पण पट्टीचे सामान आणि इंजेक्शन बाहेरच्या दुकानातून आणावे लागले. बसायचा बाक मोडका, पिण्याच्या पाण्याचे पिंप रिकामे. मावशी पुटपुटली, ‘‘सरकारी दवाखाना हा! इथं कोण कुणाला विचारतंय?’’

तेवढ्यात माझे लक्ष भिंतीवरच्या फळ्याकडे गेले. वर ‘रुग्ण कल्याण समिती’ असे लिहिले होते, खाली सदस्यांची नावे. त्यात चौथे नाव मावशीच्या शेजारच्या काकूंचे! संध्याकाळी त्यांना विचारले तर त्या हसल्या. ‘‘अगं, कुणीतरी वही घेऊन येतं, मी सही करते. बैठक कधी असते, तिथं काय करायचं, मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही.’’

काकूंसारख्या सदस्या गावोगावी आहेत. दवाखान्याच्या कारभारात रुग्णांना खुर्ची मिळाली आहे, पण ती बऱ्याचदा रिकामीच असते.

इंदूरपासून सुरुवात

ही खुर्ची आली कुठून? गावच्या आरोग्याची काळजी गावकऱ्यांच्याच समितीने घ्यावी, असे भोर समितीने 1946 सालीच सुचवले होते. आरोग्यसेवेच्या आखणीत आणि कामात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे 1978 साली अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने जाहीर केले.

रुग्ण कल्याण समितीचा प्रयोग मात्र इंदूरचा. तिथले सरकारी रुग्णालय महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाने ओळखले जाते आणि अनेक मराठी कुटुंबांचा त्याच्याशी पिढ्यान्पिढ्यांचा संबंध आहे. 1994 साली सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा उंदीर आणि कचऱ्याने भरलेल्या या रुग्णालयाची सर्वांनाच धास्ती वाटू लागली. प्रशासनाने नागरिकांना बरोबर घेऊन मोठी सफाई केली. ती टिकावी म्हणून समिती नेमली आणि जमा होणारा पैसा तिथेच, रुग्णांसाठी खर्च करायची मुभा तिला दिली. पुढे ही पद्धत मध्य प्रदेशभर गेली आणि 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली.

पैसा येतो, खर्च कोण ठरवते?

अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला वर्षाला 1 लाख रुपये, किरकोळ गरजांसाठी 25 हजार आणि देखभालीसाठी 50 हजार रुपये देण्याची तरतूद होती. रक्कम फार मोठी नाही. पण मोडका बाक, पाण्याची टाकी, पडदे, दिवे, अचानक संपलेले औषध, एवढ्यासाठी वर हात पसरायची गरज राहू नये, हा त्यामागचा हेतू. सपाट भागात असे एक केंद्र साधारण 30 हजार लोकांसाठी आणि डोंगरी व आदिवासी भागात 20 हजार लोकांसाठी असते. पैसा कशावर खर्चायचा हे समितीने बसून ठरवायचे. बैठकच झाली नाही तर पैसा पडून राहतो आणि पट्टी मात्र बाहेरून आणावी लागते.

लोकांनी नीट लक्ष घातले तर काय होते, हे महाराष्ट्रात दिसले आहे. 2007 साली पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिची सूत्रे सांभाळली. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे, चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा आणि वाईटाला लाल रंग द्यायचा. मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. अनेक ठिकाणी बाहेरून औषध आणायला लावणे कमी झाले, सेवा सुधारल्या, लाल खुणा हळूहळू हिरव्या झाल्या.

तुम्ही काय करू शकता?

पहिल्यांदा आपल्या दवाखान्यातला फळा वाचा. समितीत कोण आहे, मागची बैठक कधी झाली, ते विचारा. तुमच्या ओळखीचे कुणी सदस्य असेल तर त्यांना तीन प्रश्न द्या: यंदा किती पैसे आले? कशावर खर्च झाले? किती उरले? उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार कायदा 2005 पासून आहेच.

आपले हक्कही माहीत हवेत. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि मुक्कामातला आहार मोफत आहे. घरातल्या लेकी-सुनेकडे कुणी पैसे मागितले, तर ती गोष्ट समितीपुढे न्यायलाच हवी.

एक पथ्य मात्र पाळावे. कुणाला कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे, त्यात समितीने पडू नये. शिवाय डॉक्टरांना धारेवर धरण्यासाठीही समिती नाही. बहुतेक तक्रारी रांग, सफाई, पाणी, वेळ आणि बोलण्याची पद्धत यांच्या असतात. त्या समोरासमोर बसून मिटल्या तर हातघाईवर येण्याची पाळीच येत नाही.

दिवाळीत मावशीचा फोन आला. काकू बैठकीला गेल्या होत्या. आवाज थरथरत होता म्हणे, पण तिन्ही प्रश्न विचारून आल्या. आधीच्या दोन बैठका सदस्यच न आल्याने झाल्या नव्हत्या आणि पैसे पडून होते. एकट्याच्या सहीने खर्च करता येत नाही म्हणून डॉक्टरही अडले होते. आता बाक दुरुस्त झाला आहे, पिंपाला पाणी आहे आणि पट्टीचे सामान कपाटात आहे.

फोन ठेवता ठेवता मावशी म्हणाली, ‘‘पुढच्या खेपेला मीच उभी राहीन म्हणते समितीला. टाके तर माझ्याच हाताला पडले होते ना?’’